जुन्या गाडीत दुसरे इंजिन

मोटारगाडीचे मूळ इंजिन कायमचे उतरवून त्या जागी वेगळ्या जातीचे, वेगळ्या क्षमतेचे किंवा वेगळ्या इंधनावर चालणारे इंजिन बसवण्याच्या कामाला गॅरेजच्या बोलीत ‘इंजिन स्वॅप’ म्हणतात. या प्रकरणात त्यासाठी ‘इंजिनबदली’ हा शब्द वापरला आहे. त्याच गाडीचे त्याच जातीचे दुसरे इंजिन आणून बसवणे ही खऱ्या अर्थाने इंजिनबदली नव्हे, कारण तेथे प्रत्येक बोल्ट आपल्या जुन्या भोकात जातो आणि कागदोपत्री केवळ क्रमांक बदलतो. नव्या इंजिनाचे एकही टोक गाडीच्या जुन्या टोकाशी आपोआप जुळत नाही, तेव्हा इंजिनबदलीचा प्रश्न उभा राहतो. इंजिन गाडीशी किमान आठ-दहा ठिकाणी जोडलेले असते: इंजिन टेकते ते पाये, गिअरबॉक्स, रेडिएटर, इंधनाची नळी, सायलेन्सर, वायरिंग, अॅक्सिलरेटरची तार, क्लचची जोडणी, हीटर असल्यास त्याचे होज आणि नोंदणी पुस्तिकेतील एक रकाना. यांपैकी प्रत्येक जोडणीला स्वतंत्र खर्च असतो आणि त्या खर्चांची बेरीज बहुधा इंजिनाच्या किमतीला मागे टाकते. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण येथे अतिशयोक्ती न राहता हिशेबाचे सूत्र बनते.

भारतात ही कल्पना केवळ हौशी लोकांनी नव्हे, तर कारखानदारांनीही राबवली, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली अँबॅसेडर पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होत होती. तिचे १,४८९ सीसीचे ब्रिटिश घराण्यातील पेट्रोल इंजिन अनेक दशके टिकले, परंतु १९९०च्या दशकाच्या आरंभी तिच्या उत्पादक कंपनीने त्याच सांगाड्यात जपानी इसुझूचे १,८१७ सीसीचे इंजिन व त्यासोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. त्याच कंपनीची कॉन्टेसा सुरुवातीला अँबॅसेडरच्याच १,४८९ सीसी इंजिनावर चालत असे. व्हॉक्सहॉलकडून घेतलेल्या तिच्या मोठ्या शरीराला ते इंजिन इतके अपुरे पडले, की तिलाही पुढे इसुझूचा आधार घ्यावा लागला. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यावर फियाट १२४ च्या सांगाड्यात निसानचे १,१७१ सीसीचे इंजिन घालून ‘११८ एनई’ बाजारात आणली. या उदाहरणांचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. कंपनीने एकदा जी जोडणी करून दाखवली, तिचे पाये, इंजिन व गिअरबॉक्स यांमधले बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट सुट्या भागांच्या रूपाने बाजारात उपलब्ध होतात. त्यामुळे १,४८९ सीसीच्या अँबॅसेडरमध्ये इसुझू इंजिन घालणाऱ्याचे अर्धे काम उत्तरपाड्याच्या अभियंत्यांनी आधीच करून ठेवलेले असते. दुसरा प्रवाह टॅक्सीवाल्यांचा. डिझेल आणि पेट्रोल यांच्या दरांत मोठी तफावत होती त्या काळात पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवण्याचा धंदा शहरोशहरी चालला, आणि त्यामागे वेगाची हौस नसून दर किलोमीटरमागे वाचणाऱ्या पैशांचा रोकडा हिशेब होता.

हाच रोकडा हिशेब आजच्या मालकानेही प्रथम मांडायला हवा, आणि त्याचा प्रारंभ नव्या इंजिनापासून न होता जुन्या इंजिनापासून व्हायला हवा. मूळ इंजिन पूर्ण उघडून, सिलिंडर बोअर करून, मोठ्या मापाचे पिस्टन व रिंगा घालून, क्रँकशाफ्ट घासून नव्या बेअरिंगांवर बसवण्याचा, म्हणजेच ओव्हरहॉलचा, लेखी अंदाज आधी घेतला पाहिजे. तेवढा खर्च गाडी रस्त्यावर ठेवण्यासाठी कोणत्याही मार्गाने होणारच असतो; म्हणून इंजिनबदलीचा खरा खर्च म्हणजे बदलीच्या एकूण खर्चातून ओव्हरहॉलचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम होय. जुन्या इंजिनाचे भाग अद्याप मिळत असतील आणि गाडी वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटरच फिरत असेल, तर ही वजाबाकी अनेकदा बदलीच्या विरुद्ध निकाल देते. भाग मिळेनासे झाले असतील, किंवा गाडी घाटातून, महामार्गावरून नियमित चालवायची असेल, तर निकाल उलटतो.

निकाल बदलीच्या बाजूने लागला, की इंजिनाची निवड येते, आणि येथे पहिली चाळणी ताकदीची नसून दिशेची असते. अँबॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, जीप किंवा कॉन्टेसा या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने, उभे बसते आणि मागची चाके फिरवते. गेल्या चाळीस वर्षांत भारतात सर्वाधिक खपलेल्या छोट्या मोटारींत मात्र इंजिन आडवे असते व ते पुढची चाके फिरवते. आडव्या इंजिनाचा गिअरबॉक्स डिफरन्शियलसह एकाच पेटीत असल्यामुळे तो मागच्या धुऱ्याला जोडता येत नाही. त्यामुळे भंगार बाजारात ढिगाने पडलेली बहुतेक इंजिने जुन्या गाडीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतात, आणि शोध उभ्या इंजिनाच्या थोड्या गाड्यांपाशी येऊन थांबतो: जिप्सीचे १.३ लिटरचे, व्हर्सा किंवा ईको या व्हॅनमधले, जीपच्या घराण्यातली डिझेल इंजिने, आणि वर उल्लेखिलेली इसुझू व निसान. मुंबईचा कुर्ला, दिल्लीचे मायापुरी, कोलकात्याचा मलिक बाजार आणि चेन्नईचे पुदुपेट्टै या बाजारांत इंजिन घेताना ते गिअरबॉक्स, स्टार्टर, अल्टरनेटर, संपूर्ण वायरिंग, इंजिन नियंत्रित करणारा संगणक आणि त्याच्याशी जुळलेली चावी यांसह एकगठ्ठा घ्यावे. या संगणकाला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात. ज्या गाड्यांत चोरीला अटकाव करणारा इमोबिलायझर असतो, त्यांच्या चावीतील चिप ओळखल्याशिवाय ईसीएम इंजिन चालू होऊ देत नाही; चावी हरवलेले स्वस्त इंजिन म्हणजे कुलूपबंद पेटी विकत घेण्यासारखे आहे.

या सर्व जोडण्यांत सर्वांत नाजूक जोडणी इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधली असते. दोहोंच्या मध्ये क्लचला झाकणारे घंटेच्या आकाराचे आवरण असते, त्याला बेल हाउसिंग म्हणतात; इंजिन एका घराण्याचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा असेल, तर दोहोंची भोके जुळवणारी जाड पोलादी किंवा अॅल्युमिनियमची अॅडॅप्टर प्लेट लेथवर व मिलिंग मशीनवर करून घ्यावी लागते. भोके जुळली म्हणजे काम झाले, असा समज येथे महागात पडतो. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट आणि इंजिनाचा क्रँकशाफ्ट यांचे मध्य एकाच सरळ रेषेत यावे लागतात, आणि ते आले आहेत की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी कुशल मिस्त्री डायल गेज नावाचे घड्याळासारखे मापक चुंबकाच्या आधाराने फ्लायव्हीलवर बसवतो, त्याचे टोक बेल हाउसिंगच्या मधल्या मोठ्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवतो आणि क्रँकशाफ्ट पान्याने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवतो. काटा एकूण जितका हलेल, त्याच्या निम्म्याने भोक मध्यापासून सरकलेले असते. ही एकूण हालचाल मिलिमीटरच्या एक-दशांशाच्या आसपास राहावी अशी अपेक्षा असते. ती अधिक भरली, तर दिशा देणाऱ्या डॉवेल पिना काढून प्लेट हलकेच सरकवायची, पुन्हा फेरी फिरवायची, पुन्हा काटा पाहायचा, असा क्रम दहा-दहा वेळा चालतो. ज्या गॅरेजमध्ये डायल गेज नाही तेथे हे काम देऊ नये, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. कारण मध्य सरकलेला असेल तर गाडी पहिल्या दिवशी उत्तम चालते, काही हजार किलोमीटरनंतर गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग गुरगुरू लागते, गिअर आपोआप सुटू लागतो आणि दोष गरीब बिचाऱ्या इंजिनाच्या माथी मारला जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीचे घेतले, तर हा सारा खर्च आणि ही सारी जोखीम टळते. मग केवळ प्रोपेलर शाफ्टची लांबी कमी-जास्त करून तो संतुलित करून घ्यावा लागतो.

जागेचा प्रश्न टेपने मोजून सुटत नाही, कारण अडचण लांबी-रुंदीत नसून खालच्या बाजूला असते. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारी पत्र्याची पेटी, जिला गॅरेजमध्ये ‘चेंबर’ म्हणतात, ती काही इंजिनांत पुढे खोल असते तर काहींत मागे, आणि गाडीचा पुढचा आडवा सांगाडा किंवा स्टिअरिंगचा दांडा नेमका तेथेच येतो. चेंबर कापून नव्या आकारात वेल्ड केला, तर आतली तेल ओढणारी नळीही त्याच मापाने वळवावी लागते. नळीचे टोक तळापासून फार वर राहिले तर वळणावर किंवा घाटात ती तेलाऐवजी हवा ओढते, आणि बेअरिंग जळायला काही सेकंद पुरतात. पाये, म्हणजे माउंटिंग, जुन्या इंजिनाच्या जागी करण्याऐवजी नव्या इंजिनाच्या वजनाच्या मध्याला धरून करावे लागतात. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेल्या जुन्या मोटारींत नवा गिअरबॉक्स जमिनीवरचा दांडा मागतो. तेव्हा मधला बोगदा कापावा लागतो आणि पत्र्याचे काम करणाऱ्याचे बिल हिशेबात शिरते.

मागच्या धुऱ्याचे प्रमाण हा विषय कागदावर सुटणारा असूनही सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरते, ते हे प्रमाण सांगते. समजा, चाकाचा घेर २ मीटर आहे आणि प्रमाण ४.५ आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी मिनिटाला सुमारे १,३३३ मीटर जाते, म्हणजे चाक सुमारे ६६७ वेळा फिरते, आणि चौथ्या गिअरमध्ये शाफ्ट व इंजिन यांच्या फेऱ्या समान असतील तर इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेते. आता याच गाडीत गव्हर्नरने ३,००० फेऱ्यांवर रोखलेले संथ डिझेल इंजिन बसवले, तर गाडी सपाट रस्त्यावरही ताशी ८० च्या पुढे जाणार नाही, मग इंजिनाची ताकद कितीही असो. उलट ०.८५ प्रमाणाचा पाचवा गिअर असलेला गिअरबॉक्स आला, तर त्याच वेगाला फेऱ्या २,५५० वर उतरतात. आवाज घटतो, पेट्रोल वाचते आणि मागचा धुरा उघडण्याचा खर्चही टळतो. पाच मिनिटांच्या या गुणाकार-भागाकारावर अनेकदा अर्धे अंदाजपत्रक ठरते.

ताकद वाढली की थांबण्याची जबाबदारीही वाढते. चालत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ८० ऐवजी १०० ने धावणारी गाडी थांबवताना ब्रेकांना सुमारे ५६ टक्के अधिक उष्णता झेलावी लागते. म्हणून चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या मोटारीत निदान पुढे डिस्क ब्रेक बसवणे हा चैनीचा खर्च मानता येत नाही. अधिक जड इंजिनाच्या बाबतीत ‘नाकापेक्षा मोती जड’ होण्याचा धोका वेगळाच. अँबॅसेडरच्या पुढच्या चाकांना गुंडाळलेल्या स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन भार झेलणारा पोलादी दांडा असतो. डिझेल इंजिनाने नाक खाली बसले की तो फिरवून गाडी उचलून दिली जाते आणि मालकाला वाटते प्रश्न सुटला. वास्तविक त्या फिरवण्याने केवळ उंची बदलते, दांड्याचा ताठपणा त्याच्या जाडीवर अवलंबून असल्यामुळे तो तसाच राहतो, आणि गाडी पहिल्या मोठ्या खड्ड्यात पुन्हा आपटते.

रेडिएटर, इंधन आणि वीज यांविषयी थोडक्यात सांगता येईल. इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. त्यामुळे रेडिएटर नव्या इंजिनाच्या मापाचा हवा, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात वाहतुकीत अडकणाऱ्या गाडीला विजेचा पंखाही लागतो. तो पंखा जुन्या डायनामोला झेपत नाही, म्हणून अल्टरनेटर आवश्यक ठरतो. कार्बोरेटरच्या गाडीत इंधनाचा दाब नाममात्र असतो, तर इंजेक्शनच्या इंजिनाला सुमारे ३ बार दाब लागतो. जुन्या रबरी नळ्या त्या दाबाला आणि हल्लीच्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकत नाहीत, आणि आडपडदे नसलेल्या जुन्या टाकीत वळणावर पेट्रोल एका बाजूला गेले की पंप कोरडा पडतो. म्हणून टाकीतून शेवटपर्यंत नवी नळी, परतीची नळी आणि मधली छोटी साठवण-टाकी यांचा खर्च ‘किरकोळ’ या सदरात ढकलू नये.

कागदांचा भाग शेवटी न ठेवता सर्वांत आधी हाती घ्यावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी यांसाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची मुभा याच कलमात अटींसह आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे परिवहन कार्यालयाची लेखी पूर्वपरवानगी मिळेपर्यंत इंजिनासाठी विसार देणेही धाडसाचे ठरते, आणि परवानगी मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. कार्यालयाने पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मागितले, तर एका गाडीसाठी तो खर्च परवडतो का, हेही आधीच पाहावे लागते. ज्या गाडीतून इंजिन निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, विक्रीची पावती आणि इंजिन क्रमांकाचा स्पष्ट ठसा यांपैकी काही नसेल, तर ते इंजिन चोरीच्या गाडीचे नाही याची ग्वाही कोणीच देऊ शकत नाही. विमा कंपनीला बदल न कळवल्यास अपघाताच्या दाव्याच्या वेळी तोच मुद्दा अडसर बनतो. आणखी एक बाब वयोवृद्ध गाड्यांच्या मालकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे: २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळण्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी लागते, आणि इंजिनबदली त्या वाटेवर सरळ आडवी येते.

एवढे झाल्यावर प्रत्यक्ष अंदाजपत्रक मांडता येते, आणि ते वस्तूंच्या नावांपेक्षा खात्रीच्या प्रमाणात मांडणे अधिक उपयुक्त ठरते. पहिल्या रकान्यात ज्याचा लेखी भाव हाती आहे तेच खर्च लिहावेत. दुसऱ्यात मिस्त्री किंवा लेथवाला तोंडी आकडा सांगतो ते. तिसऱ्यात इंजिन गाडीत उतरल्यावरच कळणारे. समजा, पहिल्या रकान्यात इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि नव्या नळ्या मिळून ६०,००० रुपये भरले. दुसऱ्यात पाये, प्रोपेलर शाफ्ट, वायरिंग आणि मजुरी मिळून ४०,०००. आणि तिसऱ्यात चेंबर, सायलेन्सरची वळणे व पत्राकाम यांचे २०,००० धरले. साधी बेरीज १,२०,००० होते. परंतु पहिला रकाना जसाच्या तसा, दुसरा सव्वापट आणि तिसरा दुप्पट धरला, तर ६०,००० अधिक ५०,००० अधिक ४०,००० अशी १,५०,००० रुपयांची रक्कम उभी राहते. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पद्धत मात्र कोणत्याही गाडीला लागू पडते. वरची ३०,००० रुपयांची रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर गाडीचे बॉनेट उघडूच नये. इंजिन उतरवलेली आणि पैशांअभावी अडलेली गाडी बंद शेडमध्ये महिनोन् महिने भाडे खात उभी राहते, तिचे ब्रेक सिलिंडर जाम होतात, टायर बसतात, आणि विकायची म्हटली तर तिला धड भंगाराचाही भाव येत नाही. रकाने जसजसे भरत जातील तसतशा तिसऱ्यातील ओळी दुसऱ्यात व दुसऱ्यातील पहिल्यात हलवाव्यात. काम निम्मे झाल्यावरही तिसरा रकाना तेवढाच भरलेला दिसत असेल, तर मोजमाप न करताच काम चालले आहे, असे खुशाल समजावे.

खरेदीचा क्रमही यातूनच ठरतो. आधी लेखी परवानगी, मग इंजिन, त्याच्या सिलिंडरांतील दाबाची कॉम्प्रेशन चाचणी आणि तेलाच्या दाबाची चाचणी. ते गाडीत लाकडी ठोकळ्यांवर नुसते टेकवून जागेची खात्री. त्यानंतरच पाये, शाफ्ट, ब्रेक. सर्वांत शेवटी वायरिंग. रंगकाम आणि सीटकव्हर यांना या यादीत जागा नाही, जरी बहुतेक मालक पैसे तेथूनच खर्च करायला लागतात. गाडी सुरू झाल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरच्या आत तेल व फिल्टर बदलून पायांचे आणि प्रोपेलर शाफ्टचे सर्व बोल्ट पुन्हा आवळून पाहावे लागतात. मग तपासणीसाठी गाडी परिवहन कार्यालयात नेली जाते, निरीक्षक इंजिनावरील क्रमांकाचा ठसा कागदावर घेतो आणि तो क्रमांक प्रमाणपत्रात चढतो. मूळ इंजिन तोपर्यंत विकू नये, आणि जमल्यास नंतरही विकू नये: स्पार्क प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल ओतून, भोके बंद करून, जुन्या टायरवर उभे ठेवून ताडपत्रीने झाकले, तर ते वर्षानुवर्षे गंजत नाही, आणि गाडीला पुन्हा तिच्या मूळ रूपात नेण्याचा मार्ग तेवढा उघडा राहतो.